पाण्यानं धरून ठेवलेलं शिसं

सर, तुम्ही असता तर सगळ्यात आधी विचारलं असतं, बाटल्या आम्लानं धुतल्या होत्या का. धुतल्या होत्या. शुद्ध पाण्याची एक कोरी बाटलीही सोबत चालवली होती, तिच्यात काही निघालं नाही. म्हणजे खोट बाटलीत नाही, माझ्या हातात नाही, यंत्रातही नाही. शिसं त्या विहिरीतच आहे. मी पुन्हा पुन्हा तपासलं ते खात्री करायला नव्हे, आपण कुठंतरी चुकलेलो असू, या आशेनं. दर वेळी बरोबर निघाले. तुमच्या वर्गात बरोबर निघण्यासाठी किती जीव टाकायची मी, आणि आज बरोबर निघाले तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतंय. तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली. पण हे एका वाक्यात ज्याला कळेल असा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही, म्हणून तुम्हालाच धरलंय. ऐकून घ्या.

माझं सांगायचं तर, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी भाड्याच्या दोन खोल्यांत माझी पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. नव्या सोसायट्यांच्या बोअरचं पाणी येतं, हॉटेलांचं येतं, जारवाल्यांचं येतं. लोक पाणी तपासायला येत नाहीत सर, शिक्का न्यायला येतात. "मॅडम, रिपोर्ट तेवढा चांगला द्या," असं सांगून बाटली टेबलावर ठेवतात, जणू मी पोरीची पत्रिकाच जुळवून देणार आहे. पहिली काही वर्षं मी भांडले. आता नुसती बघते आणि बाटलीवर चिठ्ठी लावते. यंत्र मात्र चांगलं आहे. जुनंच घेतलं, पण शिसं, तांबं, जस्त अगदी किंचित असलं तरी दाखवतं. तुमच्या काळी आपल्या कॉलेजात असं यंत्र असतं तर तुम्ही घरी गेलाच नसता, त्याच्याशेजारीच गादी टाकली असती, आणि तुमच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अम्मींनी, तुमचा डबा तिथंच पाठवला असता.

कॉलेजची ती तळमजल्यावरची प्रयोगशाळा आता पाडली. पण मला ती अजून तशीच दिसते. मी शेवटच्या वर्षाला आहे. भावसिंगपुऱ्यातून छावणी ओलांडून सायकल मारत आलेय, ओढणीला घाम आहे. तुम्ही प्रत्येकाच्या हातात एकेक पुडी ठेवताय, तिच्यात कोणकोणते धातू आहेत ते ओळखायचं. पुस्तकात लिहिलेलं असतं, की आधी पूड नायट्रिक आम्लात उकळावी, आटवावी, तिच्यातलं सेंद्रिय जे काही असेल ते जाळून टाकावं आणि मगच पुढं जावं. ती पायरी कुणीच करत नव्हतं. वास फार यायचा आणि वेळ जायचा. मीही नाही केली. परीक्षानळीत थेंब टाकले, रंग आला नाही, मी लिहून मोकळी झाले, लोह नाही. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात ते मला खडूच्या वासानं कळलं.

"बेटा, ये 'नाही' कायकू लिखी?"

"रंग आला नाही सर."

"मग रंग आला नाही असं लिही. नाहीए, की तुला दिसलं नाही? दोन्ही एकच हाय का?"

वर्ग हसला. मी तेव्हा हळवी होते, चटकन डोळ्यांत पाणी. तुम्ही जरा ओशाळलात, पण आवाज खाली आणला नाहीत. "रोने का नक्को. पूड परत घे. उकळ. आटव. फिर देख." उकळली. खोकला आला, डोळे चुरचुरले. आणि मग तेच थेंब टाकले तर नळी लालभडक. त्या पुडीत तुम्ही मुद्दाम लिंबूसत्त्व मिसळलं होतं, आणि त्यानं लोखंडाला असं धरून ठेवलं होतं की माझ्या थेंबांना ते सापडलंच नाही. मला तुमचा इतका राग आला होता! अशी फसवणूक करतात का मास्तर लोक? त्यानंतर मी कधीही ती पायरी गाळली नाही. आजतागायत नाही.

आणि मग तुमच्या शहागंजच्या घरातलं ते स्वयंपाकघर. ईद आहे, आम्ही चौघंपाचजणं आलोय, अम्मी शीरखुर्म्याच्या वाट्यांवर वाट्या भरतायत, तुमची लेक दारामागून डोकावतेय. घरी येतानाही तुम्ही खिशात हिराकसाची, म्हणजे लोखंडाच्या क्षाराची, पुडी बाळगायचा हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. अम्मींनी स्वतःसाठी ठेवलेला कोरा चहा तुम्ही पुढं ओढलात आणि त्यात चिमूटभर हिराकस टाकलंत. चहा शाईसारखा काळा झाला. अम्मी कडाडल्या, "मेरी चाय में क्या डाले तुम? वो प्याला अब इस घर में नक्को!" तुम्ही तिकडं लक्षही दिलं नाहीत. आम्हाला म्हणालात, बघा, चहाच्या पानांचा अर्क पाण्यात विरघळला, आणि त्या अर्कानं लोखंडाला धरलं. नदीत पण हेच होतं. झाडाचा पाला कुजतो, गवत कुजतं, शेण, गटार, सगळ्यांचा अर्क पाण्यात उतरतो, पाणी पिवळट होतं. त्या अर्काला आम्लाचे बारीक बारीक हात असतात. तांबं आलं, शिसं आलं, की ते हात त्याला पकडतात. मोकळा धातू माशाच्या कल्ल्याला जाऊन चिकटतो, मासा मरतो. धरलेला धातू माशाला तितकासा लागत नाही. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, म्हणजे चांगलंच की सर, नदी विष मारते. तुम्ही त्या काळ्या चहात लिंबू पिळलंत. काळेपणा फिका पडला. "मारती कहाँ बेटा, सिर्फ पकडती है. पकडके आगे पहुँचाती है. जिथं आम्ल भेटलं, तिथं हात सुटले. आपल्या पोटात काय असतं?" आम्ही सगळे एकदम म्हणालो, आम्ल. तेव्हा ते एक कोडं सुटल्याचा आनंद होता, दुसरं काही नाही. अम्मींनी तो कप खरंच फेकून दिला.

आता विहिरीचं सांगते. माझी एक भाची आहे. माझ्या बहिणीची एकुलती मुलगी. बहीण गेली, तेव्हापासून मावशी म्हणा, आई म्हणा, माहेर म्हणा, तिला मीच. शहरातून बाहेर पडून खाम नदी गोदावरीकडं जाते, त्या वाटेवर नदीकाठी एक गाव आहे, तिथं तिला दिली. गाव वर आहे आणि आमच्या लोकांची वस्ती खाली, नदीला लागून. वस्तीत एक विहीर आहे. ती साधी विहीर नाही. वरच्या आळीच्या विहिरीवर एके काळी आमच्या माणसांना चढू देत नव्हते. बाया खाली उभ्या राहायच्या, कुणाला दया आली तर वरून हंड्यात पाणी ओतायचं, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत तशाच उभ्या. धम्म घेतल्यावर वस्तीनं ठरवलं, पुरे झालं, आपली आपण खणायची. भाचीच्या सासूचा सासरा त्या खणणाऱ्यांत होता. खडक लागला, कुदळी तुटल्या, एकाचा पाय गेला, पण पाणी लागलं. कठड्याला आजही दर वर्षी निळा रंग देतात. जयंतीला मिरवणुकीच्या आधी पहिला हंडा तिथं काढतात आणि घराघरात वाटतात. आणि वस्तीची एक रीत आहे, पाहुणा कुणीही असो, कलेक्टर असला तरी, आधी विहिरीचं ताजं शेंदलेलं पाणी, मग चहा. वरच्या आळीतले एक गुरुजी वर्षानुवर्षं वस्तीत यायचे, पोरांना शिकवायचे, बिचारे मनानं चांगले होते, पण पाण्याची बाटली घरून आणायचे. ते वारले तरी त्यांना अजून 'बाटलीवाले गुरुजी' म्हणतात.

भाचीला दिवस गेले म्हणून मी उन्हाळ्याच्या तोंडाला भेटायला गेले. तिनं पातेल्यात पाणी ओतलं आणि माझी नजर तिथंच अडकली. स्टीलच्या पांढऱ्या बुडावर पाणी पिवळट. फिक्क्या चहासारखं. म्हटलं, कधीपासून गं हे? म्हणाली, लई दिवस झाले मावशी, म्हणून तर टँकर चालू केला ग्रामपंचायतीनं. पण टँकर उभा राहतो वरच्या आळीत, आणि वस्तीच्या बायांचा नंबर शेवटी. रांगेत धक्काबुक्की, टोमणे. "तुमची हाय की विहीर निळी, इथं काहून येता?" असं एकीनं तोंडावर म्हटलेलं. मी पर्समधल्या दोन बाटल्या काढल्या. माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, बाटल्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

एक बाटली नुसती गाळून लावली. शिसं जवळजवळ काहीच नाही. दुसरी तुमच्या पद्धतीनं नायट्रिकमध्ये उकळली, आटवली, मग लावली. आणि सर, तिथं शिसं होतं. कुणी प्यावं इतक्या मापाच्या फार पुढं. आधी मीही बुचकळ्यात पडले. गाळलेल्या पाण्यातलं शिसं यंत्रानं दाखवायला हवं होतं, मग लक्षात आलं, माझ्या जाळीची भोकं इतकी बारीक की अर्काचे मोठे गोळे वरच राहिले, शिशाला कवेत घेऊन. म्हणजे तुमची पुडी मी पुन्हा एकदा हातात धरली होती. वर शहरालगत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, कुणाच्या ते कुणी सांगत नाही, रोज जागा बदलतात. त्यांची राख नदीत. आपल्या सगळ्या शहराचं सांडपाणी, पाला, कचरा नदीत. अर्कानं शिसं धरलं, खाली नेलं, झिरपत झिरपत विहिरीत सोडलं. शहराच्या पुलावर उभं राहून पाहिलं तर नदीत मासेही आहेत. मी त्याच संध्याकाळी भाचीला फोन केला, विहिरीचं पिऊ नकोस, टँकरचंच पी, रांगेत उभं राहावं लागलं तरी. का ते तिला सांगितलं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला शिसं काय करतं तेही सांगितलं. ती म्हणाली, बरं मावशी.

मग तालुक्याहून किटवाले आले. दोन पोरं, एक पेटी. विहिरीच्या पाण्यात पट्टी बुडवली, रंग पाहिला, शिसं निरंक, लिहून गेली. सर, ती पट्टी मोकळं शिसं ओळखते. धरलेलं नाही. ती पोरं खोटं बोलली नाहीत. रंग आला नाही एवढंच त्यांना लिहायला हवं होतं. त्यांनी 'नाही' लिहिलं, आणि त्या एका शब्दावर ग्रामसेवकानं ठरवलं, विहीर चांगली आहे, टँकर बंद करायचा.

म्हणून मी धावत गेले. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. फाट्यावर बस सोडली आणि तिथून वस्तीपर्यंत चालत. विहीणबाईंच्या ओट्यावर आठदहा बाया, दोन म्हातारे, सगळे जमलेले. लॅबवाली पाहुणी बोलायला येणार हे भाचीनं सांगून ठेवलेलं. मी बसले. विहीणबाई स्वतः उठल्या, विहिरीवर गेल्या, रहाटाचा आवाज आला, आणि तांब्या आणि फुलपात्र घेऊन माझ्यासमोर आल्या. सगळे बघत होते. मुद्दाम नाही बघत कुणी, पण बघतात. माझ्या पिशवीत शहरातून आणलेली बाटली होती. ती काढली असती तर मी त्या वस्तीतली दुसरी बाटलीवाली झाले असते, आणि तीही आपल्यातलीच. ज्यांना पिढ्यान् पिढ्या वरून ओतलेलं पाणी प्यावं लागलं, त्यांच्या हातचं मी नाकारायचं? माझी आजी ज्या रांगेत उभी राहायची त्या रांगेची मी नात आहे. मी फुलपात्र घेतलं आणि पिले. मग तोंड पुसलं आणि सांगायला लागले की हे पाणी पिऊ नका.

आधी म्हाताऱ्यांतले एक म्हणाले, "ताई, विहिरीत मासे हायेत. कासव हाय. पाणी खराब असतं तर मेले नसते व्हय?" मी म्हटलं, मासे वाचतात ते अर्कानं धातू धरल्यामुळं, पण आपल्या पोटात आम्ल असतं, तिथं तो सुटतो. माझं वाक्य मलाच थापेसारखं ऐकू आलं. माशाला नाही होत आणि माणसाला होतं, असं जगात कुठं असतं का? मग विहीणबाईंनी फुलपात्राकडं बोट केलं.

"मंग तुमी पिलात काहून?"

मी म्हटलं, मोठ्या बाईला एका फुलपात्रानं काही होत नाही. रोज पिऊन साठतं ते. पोटातल्या लेकराला लागतं.

"एक चालतं. मंग दुसरं कवापासून चालत नाय? ते बी सांगा. आमी मोजून पितो." कुणीतरी हसलं. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. "माझ्या सासऱ्यानं हाडं मोडून खणली ही विहीर. आमच्या पाण्याला लोकांनी नावं ठिवली ते समजलं, ते दुसरे हुते. तुमी आपल्या हाव. तुमी बी म्हणता बाटलं म्हून? आन मंग कुठं जायचं? वर? त्यांच्या रांगेत? नाय ताई. आमचं पाणी आमाला बास हाय."

बाटलं असं मी म्हटलंच नव्हतं. पण त्यांच्या कानाला दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि मला त्यांच्यावर चिडायचाही हक्क वाटेना. जाताना त्यांनी माझी ओटी भरली, रीतीनं. भाचीनं फाट्यापर्यंत सोडलं, माझी पिशवी तेवढी उचलून चालली.

ग्रामसभेला मी गेले. गाळलेल्या आणि उकळलेल्या पाण्याचे दोन्ही निकाल मांडले. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, एकाच विहिरीचे दोन निकाल कसे, आम्ही धरायचा कोणता? मी नायट्रिक, अर्क, हात, सगळं सांगितलं. तुमच्या चहाचंही सांगितलं. लोक चहाच्या नावानं तेवढे जागे झाले. आणि मग वस्तीतलाच एक तरुण उभा राहिला, शिकलेला, डोळ्यांत तेज असलेला, आणि म्हणाला, "ताईंनी सवता पिलं आमच्या विहिरीचं पाणी. समद्यांसमोर. आपली विहीर चांगली हाय." वस्तीनं टाळ्या वाजवल्या. अभिमानानं वाजवल्या सर. वरच्या आळीनंही वाजवल्या, त्यांचं तर टँकरच्या रांगेतलं झेंगट सुटलं. टँकर बंद झाला. त्या टाळ्यांत मी हात जोडून उभी होते, म्हणजे माझे हातच आपोआप जोडले गेले.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगते, तुम्ही विचारालच. जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला. ते म्हणाले, सरकारमान्य किटचा निकाल आहे, खाजगी लॅबचा आम्ही धरत नाही. एका वर्तमानपत्राच्या पोराला सांगितलं, त्यानं विचारलं, कुणी मेलंय का? म्हटलं, नाही. म्हणाला, मग कळवा. शिशानं माणूस धाडकन मरत असता तर बरं झालं असतं, असं मी त्या क्षणी मनाशी बोलले, आणि स्वतःचीच किळस आली. भट्ट्या शोधायला नदीकाठानं दोनदा गेले, राख सापडली, माणूस सापडला नाही. तुमच्याकडं आलेल्या प्रत्येक प्रश्नावर तुम्ही म्हणायचात, उकळ, आटव, फिर देख. मी आता आणखी काय उकळू? जे आहे ते स्पष्ट दिसतंय. दाखवायचं कसं, हे तुम्ही कधी शिकवलंच नाहीत.

आज दुपारी भाचीचा फोन आला. मी तिला सांगितलं, ये, इथंच राहा, बाळंतपणाला तशीही माझ्याकडंच येणार आहेस, दोन महिने आधी ये. ती म्हणाली, "मावशी, आत्ता आले तर विहिरीला नाव ठिवून गेली असं व्हईल. सासूबाईचं तोंड बघवत नाय. मी नाय यायची." मी म्हटलं, बरं, मग निदान पाणी तरी मी पाठवते, जारचं, रोज, कसंही करून. ती हसली. तिचं हसू अगदी तिच्या आईसारखं आहे.

"आता काहून, मावशी? तू सांगितल्यापासून मी टँकरचंच पीत हुते. लई तरास झाला पर एक घोट घेतला नाय विहिरीचा. मंग तू आलीस त्या दिवशी तू पिलीस ना. म्हटलं, मावशीनं पिलं म्हंजी एवढं काय नसन. तवापासून पितेय."

मी ओरडले. फोनवर इतकं ओरडले की शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला माणूस दारात आला. नको पिऊ, नको पिऊ, एवढंच. ती घाबरली, म्हणाली बरं, नाय पीत, आणि फोन ठेवला. पण टँकर बंद आहे, आणि ऊन आहे, आणि तिला तहान लागणारच. उद्या सकाळी मी जाणार आहे आणि तिला हाताला धरून आणणार आहे, विहीणबाईंनी ओट्यावरून शिव्या घातल्या तरी. ती आली तर एक जीव वाचेल. वस्तीत आणखी दोघीजणी गरोदर आहेत. त्या माझ्या कोण लागतात? त्यांना मी कुठून हाताला धरू?

शहागंजच्या त्या घरात आता तुमची लेक राहते. पत्ता मला पाठ आहे. पण तिला हे लिहिलेलं पाठवून तिनं काय करायचं, म्हणून पाठवत नाही. शिवाय वर एक गोष्ट मी तुम्हाला खोटी सांगितली आहे, ती तशीच कुणाच्या हातात पडायला नको. आजीची रांग, वरून ओतलेलं पाणी, बाटलीवाले गुरुजी, हे सगळं मला त्या ओट्यावर सुचलंच नव्हतं. ते मी परतीच्या बसमध्ये जुळवलं. फाट्यापासून उन्हात चालत गेले होते सर, घसा सुकला होता, फुलपात्र थंडगार होतं, आणि मी विसरले. तुमची विद्यार्थिनी, शिशाचा निकाल पिशवीत घेऊन आलेली, पाण्यात काय आहे तेच विसरले. पाणी गोड लागलं. मी आणखी मागून घेतलं.